रिकामा परत आलेला चंबू

मित्रांनो, मी काचेचा एक जुना चंबू आहे. गोल बुडाचा, आखूड मानेचा, आणि पोटात आरपार दोन तारा बसवलेला. रशियातल्या ओका नदीच्या काठच्या एका शाळेत, विज्ञानाच्या खोलीतल्या कपाटावर माझा मुक्काम असतो. नवीन वर्गातली मुले मान उंच करून माझ्याकडे पाहतात आणि हमखास विचारतात, "बाई, यात काकड्या मुरवायच्या का?" मी रागवत नाही. ज्याने आयुष्यात आभाळाचे काम केले आहे, त्याने काकड्यांवरून रुसणे बरे दिसत नाही.

आभाळाचे काम म्हटले की तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म इथल्याच एका संशोधन संस्थेच्या काचशाळेत झाला. काचशाळा म्हणजे आवाराच्या टोकाची एक बुटकी विटांची खोली आणि तिच्या मागे पांढऱ्या खोडांची बर्चची राई. याकोव लुकिच हे तिथले काच फुंकणारे कारागीर. अंगाने आडवे, मिशा पिवळट आणि गाल असे सैल पडलेले, की गप्प बसले तरी तोंडात काहीतरी धरून बसल्यासारखे वाटायचे. काचेची नळी ते ज्योतीत फिरवत राहायचे. ती मऊ होऊन लवू लागली की ओठांना लावून एक लांब फुंकर घालायचे. अशाच एका फुंकरीने मी फुगलो. म्हणजे माझ्या पोटात शिरलेली पहिली हवा त्यांच्या छातीतली होती, आणि या गोष्टीचा मला अजून अभिमान आहे.

मग त्यांनी माझ्या कुशीत टंगस्टनच्या दोन तारा वितळून बसवल्या आणि मला भट्टीत ठेवले. घाईने गार झालेली काच आत ताण धरून बसते आणि नको त्या वेळी तडकते, म्हणून तिला भट्टीत सावकाश निववावे लागते. भट्टीचा आणखी एक फायदा असतो. बोटांचा घाम, थुंकीचा थेंब, हवेतली बुरशी, असे सजीवाचे जे जे काही काचेला चिकटलेले असेल ते सगळे त्या आचेत जळून जाते. याकोव लुकिच छाती पुढे काढून सांगत, "माझ्या भट्टीतून निघालेलं भांडं पुन्हा धुवायचं नाही. धुवाल तर उलट घाण कराल."

दर कामानंतर मी पुन्हा याच भट्टीत तापून स्वच्छ व्हायला येत असे. भट्टीतून काढल्यावर ते दर वेळी माझ्या तळाशी घोटभर शुद्ध पाणी घालत, बूच लावत आणि मगच मला मालकाच्या हवाली करत. त्यांची ही सवय लक्षात ठेवा. पुढे सारे रामायण तिच्यावरूनच घडले.

माझी मालकीण म्हणजे अगलाया निकितिच्ना. उंच, किडकिडीत बाई. कोटाची बटणे नेहमी एक घर चुकवून लावलेली. चहा ओतून ठेवायच्या, तो गार व्हायचा, मग त्यावर माशी बसली की त्यांना चहाची आठवण यायची. पण माझ्याशी वागताना त्यांच्या हाताला घाई कधी माहीत नव्हती. मला उचलायच्या त्या दोन्ही हातांनी, आणि तळाशी पाणी दिसले की हसून म्हणायच्या, "गळती तपासूनच पाठवलंय. याकोव लुकिच तो याकोव लुकिचच."

त्यांचा प्रश्न साधा होता. पृथ्वी नवी होती तेव्हा तिच्यावर गवत नव्हते, मासा नव्हता, डोळ्यांना न दिसणारा जंतूसुद्धा नव्हता. मग सजीवांची अंगे ज्यांनी बांधली जातात त्या पहिल्या विटा आल्या कुठून? तुमच्या पुस्तकात या विटांना अमिनो आम्ले म्हणतात. दूरच्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी उकळते पाणी, काही वायू आणि विजेच्या ठिणग्या एकत्र आणून अशा विटा पाडून दाखवल्या होत्या. अगलाया निकितिच्नांना त्यात आणखी एक गोष्ट घालून पाहायची होती. ती म्हणजे ज्वालामुखीची राख. नव्या पृथ्वीवर ज्वालामुखी काही कमी नव्हते. समुद्रात राख पडत असताना विटा जास्त पडतात की कमी, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

त्यासाठी त्यांनी टेबलावर एक चिमुकली पृथ्वी मांडली. खाली एक लहान चंबू, त्यात पाणी आणि राख. तो समुद्र. त्याच्यावर नळ्यांनी जोडलेला मी. मी आभाळ. आतली सगळी हवा पंपाने उपसून माझ्यात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरायचे. खाली समुद्र उकळला की वाफ माझ्याकडे चढायची, माझ्या तारांमधून निळी ठिणगी कडाडायची, आणि मग गार नळीतून थेंब थेंब पाऊस पुन्हा समुद्रात उतरायचा. आत साध्या हवेचा एक घोट जरी शिरला असता, तरी ठिणगीने माझ्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. असे धोक्याचे काम मी वर्षानुवर्षे न कुरकुरता केले. त्या काळी पृथ्वीवरची हवा नेमकी अशीच होती का, यावरून शास्त्रज्ञ आजही भांडतात. भांडू द्या. मला जे भरून दिले ते मी इमानाने सांभाळले.

पण फळ यथातथाच मिळत होते. समुद्र तपकिरी व्हायचा, माझ्या भिंतींवर राळेसारखा थर बसायचा, आणि विटा मात्र नावालाच सापडायच्या. शेजारच्या खोल्यांत गुरांच्या चाऱ्यासाठी यीस्ट वाढवणारी मंडळी होती. त्यांच्या टाक्या भरभरून फेसाळत, आणि त्यांना आणखी जागा हवी होती. येता-जाता ते दारातून डोकावायचे.

"काय अगलाया निकितिच्ना, सूप शिजलं का?"

"शिजतंय. पृथ्वीला पहिल्या वेळी फार काळ लागला होता, तुम्हाला एवढी कसली घाई?"

"आम्हाला नाही हो, समितीला आहे."

ती थट्टा खरी होती. वसंतात संस्थेची समिती बसणार होती. काही ठोस दाखवता आले तर प्रयोग चालू राहणार, नाहीतर खोली यीस्टच्या टाक्यांना जाणार. अगलाया निकितिच्नांचे सगळे आयुष्य त्या खोलीत होते, आणि माझे तर होतेच होते.

नेमका अशा वेळी मी तडकलो. एका तारेच्या मुळाशी केसाएवढी भेग पडली. वय झाले होते, आणखी काय? अगलाया निकितिच्नांनी मला शालीत गुंडाळले आणि काचशाळेत नेले. याकोव लुकिचचा निवृत्तीचा आठवडा चालू होता. अवजारे पेटीत भरून ठेवलेली होती. तरी माझ्यासाठी त्यांनी ज्योत पुन्हा पेटवली.

"शेवटची दुरुस्ती तुमची, बाई. मग मी आणि माझी उस्तिन्या, गावाकडे बटाटे लावणार."

"तुमच्या जागी कोण येणार?"

"येईल कुणीतरी. फुंकायला छाती लागते, बाकी काय मोठंसं?" असे ते म्हणाले खरे, पण माझी भेग बुजवायला त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला.

भट्टीतून मी बाहेर आलो तेव्हा सकाळ झाली होती. बर्फ वितळत होते आणि मागच्या राईत बर्चना रस सुटला होता. दर वसंतात त्या झाडांच्या खोडाला बारीक भोक पाडून खाली बरणी टांगायची आणि गोळा होणारा रस प्यायचा, ही इथली जुनी आवड. तो दिसायला अगदी पाण्यासारखा, चवीला जेमतेम गोड. याकोव लुकिचनी मला हातात घेतले, शुद्ध पाण्याच्या बाटलीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"इतकी वर्षं तुला नुसत्या पाण्यावर पाठवलं," ते माझ्याशीच बोलले. "सरकारी भांडं, सरकारी पाणी. पण रिकामं काही परत दिलं नाही कधी. आज शेवटचा दिवस आहे बाबा. आज काहीतरी गोड न्यायचंस."

आणि त्यांनी बरणीतला घोटभर रस माझ्यात ओतला.

मित्रांनो, तुमच्याकडेही शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, असे मी ऐकून आहे. मग त्यांच्या मनातले तुम्हाला वेगळे सांगायला नको. मला ते तेव्हाच समजले. पण मला तोंड असले तरी जीभ नाही. त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन ठेवले. अगलाया निकितिच्ना बैठकीला गेल्या होत्या. याकोव लुकिच थोडा वेळ टोपी हातात धरून उभे राहिले, माझ्या बुचावर दोनदा थोपटले आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. सांगायचे काय त्यात? भांड्यात दिलेले कुणी न पाहता टाकून देते का?

अगलाया निकितिच्ना आल्या. तळाशी घोटभर स्वच्छ पाणी पाहून नेहमीसारख्या हसल्या. "शेवटच्या दिवशीसुद्धा गळती तपासली," म्हणाल्या, आणि रस मोरीत ओतून दिला. मग मला भट्टीतून आलेला म्हणून न धुता जागेवर बसवले. धुण्याची गरज नव्हतीच. इतकी वर्षे कधी नव्हती.

माझ्या भिंतींना रसाचा पातळसा ओलावा चिकटून होता. समुद्र उकळला, वाफ वर आली, माझे अंग धुऊन पाऊस खाली उतरला, आणि त्या पावसाबरोबर बर्चचा रसही उतरला. ठिणग्या कडाडत राहिल्या. मी मुकाट्याने आभाळ होऊन बसलो.

विटा सापडतात का हे पाहायला कागदावर थेंब पसरवून त्यावर एक औषध फवारतात. विटा असतील तिथे जांभळे ठिपके उमटतात. आजवर आमच्या नशिबी फिकट, डोळे बारीक करून पाहावे लागणारे ठिपके होते. या खेपेला कागद जांभळांनी बरबटल्यासारखा झाला. अगलाया निकितिच्नांनी तो कागद खिडकीशी नेऊन पाहिला. मग परत आल्या, माझ्या गार पोटाला गाल लावला आणि म्हणाल्या, "राखेनं केलं रे. राखेनं केलं."

बातमी संस्थाभर पसरली. यीस्टवाले केक घेऊन आले. विभागप्रमुख वेनियामिन ओसिपोविच स्वतः आले. जाडजूड चष्म्याचे, मनाने वाईट नसलेले, पण समितीचे नाव काढले की घाम फुटणारे गृहस्थ. त्यांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. भिंतीवरच्या पत्रकात तो लागला, त्यात त्यांचा अर्धा कान कापला गेला होता आणि मी मात्र पुरा आलो होतो. आयुष्यातले एवढे मोठे कौतुक, आणि मला ते अंगाला लावून घेता येईना. खोटे सांगत नाही, त्या दिवसांत पुन्हा एकदा तडकून जावे असे मला वाटत होते.

इथे दोन हातांची गोष्ट सांगितली पाहिजे. तुमचे डावे आणि उजवे हात पाहा. बोटे तितकीच, अंगठा तसाच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्याला नीट बसत नाही. या विटाही बहुतेक अशाच असतात, डाव्या आणि उजव्या. ठिणगीने पाडलेल्या विटांत दोन्ही सारख्याच निघतात, कारण विजेला डावे-उजवे कळत नाही. सजीव मात्र हट्टी. झाड असो, बुरशी असो की तुम्ही, सजीवाचे अंग जवळपास सगळे डाव्या विटांनीच बांधलेले असते. म्हणून विटा कुणी घडवल्या हे ओळखायचे तर त्यांचे हात पाहायचे.

ही परीक्षा कुणी मागितली नव्हती. समितीला जांभळे ठिपके पुरेसे होते. तरी अगलाया निकितिच्नांनी ती करून घेतली, आणि उत्तर आले की सगळ्या विटा डाव्या. माझ्या ठिणगीने पाडलेल्या थोड्याफार खऱ्या विटा त्या गर्दीत कुठे हरवल्या कुणास ठाऊक.

त्यांनी ते उत्तर पुन्हा एकदा तपासले. मग वेनियामिन ओसिपोविचना बोलावून त्यांनी ते दाखवले.

"हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी चष्मा पुसत विचारले.

"कुणी नाही."

"मग केलंच नाही असं समजा. ठिपके खोटे आहेत का?"

"ठिपके खरे आहेत. माझे नाहीत एवढंच."

"कुणाचे आहेत मग?"

"कुणातरी जिवंताचे. बुरशी असेल, माणूस असेल. आणि त्या काळी, वेनियामिन ओसिपोविच, पृथ्वीवर कुणी नव्हतं."

"तुम्ही गेला होतात बघायला?" ते चिडून म्हणाले, आणि लगेच आवाज खाली आणला. "अहो बाई, खोली जाईल. मी नाही वाचवू शकणार. यीस्टवाले दारात टाक्या घेऊन उभे आहेत. तुम्ही फक्त गप्प बसा, बाकी मी बोलतो."

"गप्प बसले तर उद्या हेच कुणी दुसरा शोधून काढेल. आणि न काढलं, तरी मला माहीतच असणार ना."

समितीपुढे त्या स्वतः उभ्या राहिल्या. मी टेबलावर होतो, म्हणून शब्दन् शब्द ऐकला. ठिपके दाखवले, हातांची परीक्षा दाखवली, आणि म्हणाल्या, "हा प्रयोग बाटला आहे. कशाने, ते मला अजून सापडलेलं नाही."  मला त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि माझी स्वतःची इतकी लाज वाटली, की काय सांगू.

खोली गेली. आमची चिमुकली पृथ्वी सुटी करून भुशाच्या खोक्यात भरली गेली. यीस्टवाल्यांनी टाक्या आणताना माझे खोके पायानेच सरकवले. याच पायांनी ते केक घेऊन आले होते. पण जाऊ द्या, त्यांचेही काम होते.

अगलाया निकितिच्नांनी हार मानली नव्हती. भेग पुरती बुजली नसेल आणि तिच्यातून, स्फोट होण्याइतकी नाही तरी कणभर हवा आणि तिच्याबरोबर बुरशी आत शिरली असेल, असा त्यांना संशय होता. एका रविवारी त्यांनी मला शालीत गुंडाळले आणि याकोव लुकिचच्या गावाची बस धरली. रस्ता चिखलाचा, बस खिळखिळी. शेजारच्या बाईने शालीकडे पाहून विचारले, "बाळ झोपलंय का?"

"बाळ नाही, काच आहे."

"मग आणखी जपा. बाळ पडलं तर उठतं तरी."

याकोव लुकिच अंगणात होते. आम्हाला पाहून त्यांचे सैल गाल हसण्याने वर चढले. उस्तिन्याने आम्हाला ओढतच घरात नेले. उकडलेले बटाटे, मुरवलेल्या अळंब्या, काळा पाव, वाटीत मुरंबा, असे सगळे टेबलावर आले आणि वर चहा. अगलाया निकितिच्नांनी घास घेण्याआधीच मला शालीतून बाहेर काढले.

"याकोव लुकिच, रागवू नका. ही भेग नीट बुजली होती ना? तुम्ही पाणी घालून तपासलं होतं, ते मी पाहिलं. तरी विचारते."

"काय तपासलं होतं?"

"गळती. तळाशी पाणी ठेवता ना तुम्ही नेहमी."

याकोव लुकिच बायकोकडे पाहू लागले, बायको त्यांच्याकडे.

"गळती मी ज्योतीवरच तपासतो, बाई. पाण्याचा काय संबंध? भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून घालतो पाणी." मग त्यांचा चेहरा उजळला. "पण शेवटच्या वेळी पाणी नव्हतं घातलं. कसा होता रस?"

"कसला रस?"

"बर्चचा. घोटभर दिला होता की. प्यायलात ना?"

अगलाया निकितिच्नांनी माझ्याकडे पाहिले. मग खिडकीबाहेर पाहिले, तिथे कुंपणाशी दोन बर्च उभे होते. आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आले, आणि मग ते पाणी हसण्याचे राहिले नाही. उस्तिन्या उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. झाडाच्या रसात डाव्या विटा आयत्याच असतात, तो रस मोरीत गेला, उरलेला समुद्रात गेला, खोली कशी गेली, हे सगळे त्यांनी हळूहळू सांगितले.

याकोव लुकिचच्या तोंडचे पाणी पळाले. "म्हणजे तुमचं वाटोळं मी केलं."

"तुम्ही नाही. मी भांड्यात काय आहे ते बघितलं नाही. वर्षानुवर्षं तुम्ही मला काहीतरी देत होतात, आणि मी ते ओतून टाकत होते."

"साधं विचारायचंत तरी."

"तुम्ही साधं सांगायचंत तरी."

"आता दोघं भांडू नका," उस्तिन्या म्हणाली. "बटाटे गार होताहेत. आणि तुम्ही हो, मोठे देणारे, शेडातली भट्टी पेटवा आधी."

निवृत्त झाले तरी ते स्वस्थ बसले नव्हते. नव्या वर्षाला घरात झाड सजवतात, त्यावर टांगायचे काचेचे गोळे करायला त्यांनी शेडात विटांची छोटी भट्टी बांधली होती. तिच्यात मी पुन्हा तापलो. बर्चचा उरलासुरला माग, राळेचा थर, माझ्याजवळ लाजेचे जे काही होते ते सगळे जळून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बाहेर काढले तेव्हा मी जन्मलो त्या दिवसापेक्षाही स्वच्छ होतो.

आणि मग याकोव लुकिच मला हातात धरून नुसते उभे राहिले. अगलाया निकितिच्नांनी हात पुढे केले. पण याकोव लुकिचच्याने मला सोडवेना. बाटलीत पाणी होते, मडक्यात दूध होते, सगळे घर भरलेले होते, आणि माझ्यात मात्र काही घालता येत नव्हते.

"रिकामं देतोय हो, बाई," ते खाली पाहत म्हणाले. "उभ्या जन्मात पहिल्यांदा."

"मला रिकामंच हवंय, याकोव लुकिच. याहून मोठं तुम्ही काही देऊच शकत नाही."

उस्तिन्याला ते पटले नसावे. ती आत गेली आणि अगलाया निकितिच्नांच्या पिशवीत कागदात गुंडाळलेली अंडी भरू लागली. "भांडं न्या रिकामं. पिशवीनं काय पाप केलंय?"

बसमध्ये मी अंड्यांच्या शेजारी होतो. त्या प्रवासाएवढे जपून मला कुणी कधी नेले नाही.

संस्थेत जागा कुठे होती? वेनियामिन ओसिपोविचनी त्या वेळी एक काम चांगले केले. काचशाळेत नवा कारागीर अजून आला नव्हता. तिची किल्ली त्यांनी मुकाट्याने अगलाया निकितिच्नांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मला काही माहीत नाही." मग माझ्या जन्माच्या खोलीत आम्ही पुन्हा पृथ्वी मांडली. खाली समुद्र, समुद्रात राख, वर मी. या खेपेला अगलाया निकितिच्नांनी आत काय आहे ते दिव्यासमोर धरून पाहिले. काहीच नव्हते.

मी ठिणग्या सोसल्या. वाफ चढली, पाऊस उतरला, समुद्र हळूहळू तपकिरी झाला. कागदावर ठिपके उमटले ते फिकट, नेहमीसारखे, पण राख न घालता उमटायचे त्यांच्याहून जरा ठसठशीत. केक घेऊन यावा असे त्यात काही नव्हते. हातांची परीक्षा झाली, आणि डाव्या आणि उजव्या विटा सारख्या निघाल्या. अगदी सारख्या. झाडाच्या नव्हत्या, माणसाच्या नव्हत्या, कुणाच्याच नव्हत्या. नुसते पाणी, वायू, राख आणि वीज यांनी त्या पाडल्या होत्या.

अगलाया निकितिच्नांनी गावी तार केली. पुढच्याच बसने याकोव लुकिच हजर झाले. टोपी काढून माझ्यासमोर उभे राहिले, तपकिरी थेंबाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे हे कुणी घातलेलं नाही?"

"कुणी नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"आपलं आपण झालं?"

"आपलं आपण."

"मग मी त्या दिवशी उगाच जिवाला लावून घेतलं," ते म्हणाले. "रिकामं दिलं, तरी भरूनच आलं की."

मित्रांनो, मी जीव निर्माण केला अशी बढाई मी मारणार नाही. विटा पडल्या म्हणजे घर झाले असे नसते. विटांपासून पहिला जीव कसा उभा राहिला, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला तरी ते सोडवायचे आहे. पण पहिल्या विटा कुणी न देता पडू शकतात, हे मी माझ्या पोटात पाहिले आहे. अगलाया निकितिच्नांनी पुढे तो निबंध छापला तेव्हा बाटलेला प्रयोगही त्यात लिहिला, बर्चच्या रसासकट. त्यावरून काही लोक हसले. पण त्या निबंधावर ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांनी त्या रसामुळेच ठेवला.

पुढे संस्था रोडावली, काचशाळा पाडली, माणसे पांगली. याकोव लुकिच गेले. अगलाया निकितिच्ना थकल्या तेव्हा त्यांनी मला या शाळेला देऊन टाकले. सुरुवातीला लोक मला पाहायला येत. मग कुणी माझ्यात खडूचे तुकडे टाकले, कुणी कागदाची फुले खोचली, आणि आता माझ्या तळाशी एक मेलेला भुंगा पडला आहे. माझी एक विनंती आहे. मला खाली उतरवा, धुवा, तापवा, आणि पुन्हा एकदा माझ्यातून ठिणगी उडवा. माझी काच अजून शाबूत आहे. आणि काही भरण्याआधी आत काय आहे ते उजेडात धरून पाहा. हे माझ्यापुरतेच सांगत नाही.

तुमची पृथ्वीसुद्धा एक भांडेच आहे. सुरुवातीला ते रिकामे होते. त्यात कुणी घोटभर रस घातला नव्हता, चिमूटभर साखर घातली नव्हती. कल्पना करता येणार नाही इतका काळ ते उकळत, कडाडत, निवत राहिले, आणि मग त्यात बर्च आले, भुंगे आले, उस्तिन्याची अंडी आली, शेवटी तुम्ही आलात. तुमच्या हातात ते भरलेले आले आहे. एक दिवस तुम्हालाही ते कुणाच्या तरी हाती द्यावे लागेल. तेव्हा याकोव लुकिच मला धरून कसे उभे होते ते आठवा. मला रिकामा देतानाही त्यांचे हात सुटत नव्हते, आणि मी तर एक साधा चंबू होतो.